मुक्काम शून्य

“बाई, आमची सहाशे बारा माणसं कमी भरतायत,” फोनवरचा माणूस म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, घाईही नव्हती. दुकानातून सामान घरी नेलं, पुन्हा मोजलं, एक पुडी कमी निघाली आणि गिऱ्हाईक ते सांगायला परत आलं, असा आवाज. मी त्याला पुन्हा विचारलं, कोण बोलतंय. रस्त्याला जिथे फाटा फुटतो तिथल्या तीस खाटांच्या दवाखान्यातला रेकॉर्ड क्लार्क. आम्ही बेचाळीस दवाखान्यांना त्यांचा त्यांचा तक्ता तपासायला पाठवला होता. असे तक्ते कुणी तपासत नाही. दोन दिवसांत खाली सही होऊन परत येतात, सहीसुद्धा बहुतेक वेळा तक्त्याच्या रेघांवरच मारलेली असते. या माणसाने मात्र तीन वर्षांची रजिस्टरं काढून बोटाने ओळी मोजल्या होत्या. “दोनदा मोजल्या,” तो म्हणाला. “मग वाटलं आपलंच चुकलं असेल, म्हणून सिस्टरांकडून मोजून घेतल्या. आमच्याकडे चार हजार एकशे अडतीस आहेत. तुमच्याकडे तीन हजार पाचशे सव्वीस.” या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडात तयारच होतं. डेटा साफ करताना काही नोंदी जातात, मी सांगितलं, चुकीच्या असतात त्या काढाव्या लागतात. त्याने विचारलं, “म्हणजे चुकीची माणसं होती म्हणताय?” “माणसं नाही हो, नोंदी.” “आमच्याकडे नोंद म्हणजे माणूसच असतो, बाई. एका ओळीला एक.” मग म्हणाला, चार वाजता अहवाल जाणार असं पत्रात लिहिलंय, त्याआधी बघून सांगा. आणि माझ्या ‘बघते’ची वाटही न बघता त्याने फोन ठेवला.

घड्याळात अकराला दहा कमी होते. अहवाल समोरच पडला होता, दोनशे छत्तीस पानांचा, पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये. त्यावर फक्त माझी आणि साहेबांची सही व्हायची होती. अहवाल काय होता ते सांगणं सोपं आहे, म्हणूनच तो सगळ्यांना पटतो. दवाखान्यात काय जातं ते एका बाजूला मांडायचं: खाटा, डॉक्टरांचे तास, सिस्टरांचे तास, औषधं, ऑक्सिजन. बाहेर काय येतं ते दुसऱ्या बाजूला: उपचार झालेले रुग्ण, त्यातही गंभीर रुग्ण साध्यापेक्षा अनेक पट धरायचा. जो दवाखाना कमीत कमी घालून जास्तीत जास्त काढतो त्याला एक गुण. बाकीचे त्याच्या मागे, पॉइंट नव्वद, पॉइंट ऐंशी, अशी रांग. पॉइंट पासष्टच्या खाली जो जाईल तो बंद करावा अशी मंडळाला शिफारस. बेचाळिसांत एकच खाली गेला होता. फाट्यावरचा. पॉइंट एकसष्ट.

माझं काम या सगळ्याच्या आधीचं. दवाखान्यांतून येणारा माल कच्चा असतो. पुरुषाची बाळंतपणं असतात, दोनशे वर्षांच्या म्हाताऱ्या असतात, मेल्यानंतर दाखल झालेले असतात. ते सगळं निवडून काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला आणि ऑफिसात त्याचं नाव पडलं चाळणी. माझ्यामागे मलाही चाळणीबाईच म्हणतात, हे मला ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. घरी आई म्हणायची, जन्मात कधी पीठ चाळलं नाहीस, आता पगार घेऊन चाळतेस. चाळणीचे सदतीस नियम आहेत. त्यातला अकरावा नियम मुक्कामाचा. रुग्ण किती दिवस राहिला, तो आकडा कितीतरी ठिकाणी भागाकारात खाली बसतो. खाली शून्य आलं की गणित जागच्या जागी थांबतं, पडदा लाल होतो. म्हणून मी लिहिलं होतं: मुक्काम शून्य असेल तर ओळ काढून टाका. वाटलं होतं, वॉर्डात दाखल होऊन त्याच दिवशी बाहेर कोण पडतं? उभ्याउभ्या गोळ्या घेऊन जाणाऱ्यांचं रजिस्टर वेगळं असतं. तेव्हा ही नुसती लिहिणाऱ्याची बेपर्वाई, एकच तारीख दोनदा खरडलेली. माझ्या डोक्यातला रुग्ण निदान एक रात्र तरी झोपणारा होता.

चाळणीवर जे उरतं ते फेकलं जात नाही, एका वेगळ्या फाईलमध्ये साठतं. ती फाईल मी तीन वर्षांत एकदाही उघडली नव्हती. कचऱ्याचा डबा उघडून बघायची सवय कुणाला असते? अकरा वाजता उघडली. फाट्यावरच्या दवाखान्याचा नंबर टाकला, सहाशे बारा ओळी सरळ खाली उतरल्या, एकही इकडे नाही की तिकडे नाही. त्या बोटाने मोजणाऱ्या माणसाचं एका माणसानेही चुकलं नव्हतं. चारशे एकतीस जणांपुढे ‘रेफर’ लिहिलेलं. रस्त्यावरून आणलेले, चिरडलेले, भाजलेले, श्वास अडकलेले. इथे रक्त थांबवून, नळी घालून, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवलेले. तिथे ते आठ दिवस राहिले आणि तिथल्या खात्यावर बरे झाले. एकशे चाळीस संध्याकाळी घरी गेलेले. एक्केचाळीस दगावलेले. या ओळींत नावं नसतात. वय, पुरुष की बाई, आलेली तारीख, गेलेली तारीख, बस. मी खाली सरकत होते आणि बोट आपोआप थांबलं. वय एकाहत्तर, पुरुष, दाखल आणि मुक्त एकाच तारखेला. ती तारीख मला शोधावी लागत नाही.

तीन वर्षांपूर्वी त्या तारखेला बाबा याच दवाखान्यात वारले हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. रोज माहीत होतं. त्या पॉइंट एकसष्टकडे बघताना तर फारच माहीत होतं. आता लपवायचं कशाला, गेल्या महिन्यात तो आकडा पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा मला बरं वाटलं होतं. अंगात ऊब आल्यासारखं. बघा, मी म्हटलं होतं ना. दादा दुसऱ्या शहरातून दुसऱ्या दिवशी आला आणि दारातच म्हणाला, त्या खुराड्यात नेलंच कशाला, हातावर हात ठेवून बसले असतील तिथले सगळे. मी मान डोलावली होती. शिवाय माझी स्वतःची तक्रार वेगळी होती, की मला कुणी कळवलं नाही. सकाळी माणूस दाखल होतो, संध्याकाळी जातो, याच शहरात त्याची मुलगी खुर्चीवर बसलेली असते आणि साधा एक फोन करायची अक्कल कुणाला नाही. तीन वर्षं हे वाक्य मी जो भेटेल त्याला ऐकवलं. ऐकणारे चुकचुकायचे. त्या चुकचुकण्याची मला चटक लागली होती.

तो दिवस मी काय करत होते? पहिल्या महिन्याचा डेटा आला होता, पडदा सारखा लाल होत होता, नाकी नऊ आले होते. फोन मी ड्रॉवरमध्ये टाकून दिला होता, कटकट नको म्हणून. दुपारी कधीतरी अकरावा नियम सुचला, लिहिला, आणि पडदा शांत झाला. मला आठवतं, मी उठून खिडकीपाशी गेले आणि हात वर करून आळस दिला. पलीकडच्या गच्चीवर एक बाई गादी झटकत होती. इतका निवांत आळस मी त्यानंतर कधी दिलेला नाही. सहा वाजता ड्रॉवर उघडला, सतरा मिस्ड कॉल होते, ओळखीचे तेवढे पाहिले, बाकीचे पुसून टाकले. साडेसहाला शेजारच्या काकूंचा फोन आला, की आई घरी आलीय आणि काही बोलत नाही, तू ये.

मी आईला फोन लावला. ती स्वयंपाकघरात होती, मागे नळ चालू होता. म्हटलं, आई, बाबांना दाखल केलं तेव्हा किती वाजले होते? नळ बंद झाला. “आज काय एकदम?” “सांग ना.” “दहाला वीस कमी. भिंतीवर मोठं घड्याळ होतं, मला दिवसभर तेच दिसत होतं.” आणि गेले तेव्हा? “पाच दहाला.” माझ्या लक्षात आलं, की तिला हे आजवर कुणी विचारलंच नाही. आम्ही दोघा भावंडांनी त्या दिवसाला एक वाक्य चिकटवून टाकलं होतं, हातावर हात ठेवून बसले, आणि ती त्या वाक्याखाली तीन वर्षं गप्प बसली होती. मी म्हटलं, साडेसात तास काय काय झालं ते सांग. “कामात असशील तू.” “नाहीये. सांग.”

मग ती सांगत गेली, भाजी निवडताना बोलते तशा सपाट आवाजात. आल्या आल्या दोन सिस्टर धावल्या. त्यातली जाडशी होती तिने बाबांची कवळी काढली, कापसात गुंडाळली, चिठ्ठी लावली आणि आईच्या हातात देऊन म्हणाली, आजी, ही सांभाळा, उद्या जेवायला लागेल. उद्या लागणार नाही हे तिला कळत असणार, आई म्हणाली, पण म्हणाली बिचारी. श्वासाचं मशीन एकच होतं, ते एका अपघातातल्या बाईला लावलेलं. तर तो तरुण डॉक्टर स्टुलावर बसला आणि रबरी फुगा हाताने दाबत राहिला. “किती वेळ?” “बारापासून. मध्ये सिस्टरने घेतला, त्याने उभ्याने दोन घोट चहा घेतला आणि पुन्हा बसला. चार वाजता त्याचा हात थरथरायला लागला, तेव्हा दुसऱ्या हाताने. मी म्हटलं, बाळा, दमलास. तर म्हणतो, आजी, मी थांबलो तर ते थांबतील.” दुपारी बाबांनी डोळे उघडले होते. आईकडे बघितलं होतं. बोलता येत नव्हतं, पण तिची बांगडी बोटाने फिरवली, सवयच होती ती त्यांना. “तुला कळवायचं…” ती म्हणाली, आणि थांबली. “जाऊ दे. तुझं काम होतं. जेवलीस का?”

मी जेवले नाही. समोरच्या तक्त्यात बघत बसले. त्या डॉक्टरचे पाच तास माझ्याकडे होते. सिस्टरांचे तास होते. बाबांच्या नाकाला लावलेला ऑक्सिजन होता, खाट होती, कापूससुद्धा होता. जे जे गेलं ते सगळं मी इमानदारीने एका बाजूला मांडलं होतं. दुसऱ्या बाजूला बाबा नव्हते. माझ्या गणिताप्रमाणे तो पोरगा थरथरत्या हाताने बारापासून पाचपर्यंत कुणासाठीच फुगा दाबत नव्हता. स्टुलावर बसून हवा दाबत होता. आणि असं सहाशे बारा वेळा. अंगावर काटा येतो म्हणतात, माझ्या नाही आला. फक्त ऑफिसातला पंखा फार मोठ्याने फिरतोय असं वाटायला लागलं.

पाऊण वाजता मी अकरावा नियम काढला. दिवसांच्या जागी तास धरायचे, एवढाच बदल. तासांत शून्य कुणाचंच नसतं. अर्ध्या तासात दुरुस्ती संपली, तीन वर्षं जे सुचलं नाही ते सात ओळींत बसलं. प्रोग्रॅम चालवला आणि पडद्यावरची रांग हलली. फाट्यावरचा दवाखाना बेचाळिसाव्या जागेवरून उठला आणि सातव्या जागेवर जाऊन बसला. पॉइंट त्र्याण्णव.

साहेब वाईट माणूस नाहीत. बाबांच्या वेळी घरी आले होते, आईसमोर खाली जमिनीवर बसले होते. मी दोन्ही तक्ते त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, बराच वेळ बघितलं. “बेचाळीसच्या बेचाळीस दवाखान्यांचे आकडे हललेत,” ते म्हणाले. हलणारच, मी म्हटलं, सगळे एकमेकांच्या तुलनेत आहेत. “म्हणजे सगळा अहवाल पुन्हा. मंडळाने तर तारीख धरून ठेवलीय.” त्यांनी तक्ते बाजूला सारले. “लपवलंय का आपण काही? पान चाळीसवर आहेच की.” पान चाळीसवर होतंच. मीच लिहिलेलं: मुक्काम शून्य असलेल्या सदोष नोंदी वगळल्या आहेत. “तेव्हा याला चूक म्हणायचं की मर्यादा म्हणायची, एवढाच प्रश्न आहे. मर्यादा प्रत्येक पद्धतीला असतात. पुढच्या अहवालात सुधारू.” “साहेब, पुढच्या अहवालात एक्केचाळीस दवाखाने असतील.” यावर त्यांनी पुन्हा चष्मा काढला. मग अगदी हळू, मला सांभाळून घेतल्यासारखं म्हणाले, “चूक म्हटलं तर नियम कुणी लिहिला, हेही लिहावं लागेल, बाई. सोळा वर्षं झाली ना तुम्हाला?”

मी घाबरले. याला दुसरा चांगला शब्द मला सापडत नाही. सोळा वर्षांत मी कुणाचं काही चुकवलं नव्हतं, दुसऱ्यांच्या चुका निवडणं हाच माझा लौकिक. चाळणीलाच भोक पडलंय, असं कुणीतरी कॅन्टीनमध्ये म्हणणार आणि सगळे हसणार, हे मला आत्ताच ऐकू येत होतं. तीस खाटा एका पारड्यात आणि हे हसणं दुसऱ्या पारड्यात, आणि हसण्याचं पारडं खाली जात होतं. म्हटलं, निदान पान चाळीसवरचा ‘सदोष’ हा शब्द काढते. “काढा की,” साहेब उदारपणे म्हणाले. तर एवढी माझी मर्दुमकी. एक शब्द खोडला, ते पान बदललं, आणि चारला दहा कमी असताना जुन्या आकड्यांच्या अहवालावर सही केली. माझी सही लांबलचक आहे, खाली दुहेरी रेघ आहे. शिपायाने फाईल बगलेत मारली आणि तो जिना उतरून गेला.

साडेचारला मीच त्या रेकॉर्डवाल्याला फोन केला. का केला ते सांगता येणार नाही. बहुधा कुणीतरी मला चार शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. “सापडली का?” त्याने पहिलंच विचारलं. “सापडली.” “कुठे होती?” “माझ्याकडेच होती.” “मग मोजली?” म्हटलं, फाईल गेली. तो ‘बरं’ म्हणाला. शिव्या नाहीत, आवाज चढला नाही. मग विचारलं, “तसं पत्र देता का, की सहाशे बारा सापडली म्हणून? माझ्या रजिस्टरला लावून ठेवतो. उद्या कुलूप लागलं तरी रजिस्टर बरोबर असावं.” देते म्हटलं. आणि मग माझ्या तोंडून ती तारीख निघाली. एवढी एक ओळ वाचून दाखवता का, एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ. कपाट उघडल्याचा आवाज आला, पानं उलटल्याचा. “हां. पुरुष, एकाहत्तर. दाखल नऊ चाळीस. श्वासाचा त्रास. मयत पाच दहा. सोबत पत्नी.” त्याने श्वास घेतला. “शेरा आहे इथे. मुलीला फोन लावला, अकरा वीस, एक पाच, तीन चाळीस. उचलला नाही.”

पंखा फिरत होता. खिडकीपलीकडच्या गच्चीवर आज कुणी नव्हतं. “तीनदाच लावतो आम्ही,” तो जरा समजुतीने म्हणाला, “मग शेरा मारतो आणि पुढच्या पेशंटकडे बघतो. दोनच सिस्टर असतात ना.” मला वाटलं फोन ठेवून द्यावा. त्याने विचारलं, “तुमचं कुणी होतं का?” नाही म्हणता आलं असतं. नुसता ताळा घेत होते, म्हणता आलं असतं. दिवसभरात मी इतकं काही म्हटलं होतं. “वडील,” मी म्हणाले. “ती मुलगी मीच.” पलीकडे रजिस्टर मिटल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, “असं होय. मग पत्र आजच द्या बाई, पाचपर्यंत आहे मी.”

मी ऑफिसचा कोरा कागद घेतला. संबंधित रजिस्टरमधील सहाशे बारा रुग्णांच्या नोंदी बरोबर असून, त्या अहवालातून मी लिहिलेल्या चुकीच्या नियमामुळे वगळल्या गेल्या. मर्यादा नाही, चूक. त्या धरल्यास दवाखान्याचा गुणांक पॉइंट त्र्याण्णव येतो. आज सही केलेल्या अहवालातला आकडा खोटा आहे. खाली तारीख घातली, अहवालावर होती तीच, आणि लांबलचक सही केली, दुहेरी रेघेसकट. एक प्रत मंडळाला, एक साहेबांना, एक रेकॉर्ड क्लार्कला. फाईल कधीच पोचली होती, याने काही होईल असं मला वाटत नव्हतं, अजूनही वाटत नाही. मग सहाशे बारा ओळींची यादी जोडायला घेतली. मुक्कामाच्या रकान्यात सगळीकडे शून्य होतं. सगळी बदलायला वेळ नव्हता, पाचला दहा मिनिटं उरली होती. मी एकाहत्तर वर्षांच्या पुरुषाची ओळ शोधली, त्यातलं शून्य खोडलं आणि पेनने वर लिहिलं, साडेसात तास.